मैनाबाईचा रंधा

रामरावांनी बटनाकडे हात नेला आणि मैनाबाई दोन पावलं मागे सरली. मशीन अजून सुरूही झाली नव्हती.

"वहिनी, भेता का?" रामराव हसले. "पंचवीस वर्सं झाले, माह्याजवळ हाय हे. गायीवानी गरीब हाय."

मैनाबाई कसनुसं हसली. रामरावांनी बटन दाबलं. आधी पोटातून आल्यासारखी घरघर झाली, मग आवाज चढत चढत एवढा बारीक आणि धारदार झाला की डोक्यावरचे टिनाचे पत्रे झणझणू लागले. मैनाबाईची पाठ कशाला तरी टेकली. तिनं वळून पाहिलं, तेव्हा ती दाराच्या चौकटीपर्यंत पोचली होती.

तिचा नवरा भीमराज मात्र मशीनला खेटून उभा होता. उजवा हात त्यानं खिशात घातला होता. चार लोकांत तो तसाच उभा राहायचा. त्या हाताला आता अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं.

दारव्ह्याहून भल्या सकाळी निघून दोघं वणीला आली होती ती या मशीनसाठीच. रामराव म्हणजे भीमराजच्या वडिलांच्या ओळखीतले जुने वाढई, म्हणजे सुतार. फर्निचरचं दुकान बंद करून ते आता मुलाकडे चंद्रपूरला राहायला चालले होते. मशीन रंध्याची, दोन कामांची होती. वरच्या टेबलावरून फळी सरकवली की तिचं एक अंग सरळ निघायचं, आणि तीच फळी मग खालून घातली की दुसऱ्या टोकाला सारख्या जाडीची होऊन बाहेर पडायची. भीमराजचं दुकान एवढं अरुंद होतं की दोन वेगळ्या मशीन तिथे मावल्याच नसत्या. आणि नव्या मंगल कार्यालयाची बावीस दारं त्यानं अंगावर घेतली होती. सागवान येऊन पडलं होतं. हातरंध्यानं ते काम निघणारं नव्हतं. दोन बोटांच्या हातात रंधा धरवतच नव्हता.

फळी ढकलायची ती मैनाबाईनं, पलीकडून भीमराजनं ओढून घ्यायची, असं घरी ठरलं होतं. घासकाम, पॉलिश, बिजागऱ्या हे सगळं ती वीस वर्षं करत आली होती. "करीन ना, त्यात काय," असं ती भावजयीसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणाली होती. आणि म्हणाल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

"हे पाहा," म्हणत रामरावांनी एक वीतभर लांबीचा तुकडा उचलला आणि खालच्या तोंडात सरकवला. तुकडा अर्धा आत गेला, काहीतरी 'खट्ट' झालं, आणि तो आला तसाच उलटा सुटला. रामरावांच्या कमरेजवळून सूं करत गेला आणि मागच्या पत्र्यावर एवढ्या जोरात आदळला की पत्र्याला खोक पडली.

मग रामरावांनी मशीन बंद केली.

"तुकडा आखूड होता," ते म्हणाले. "आखूड तुकडा घालाचा नसते. मालूम असलं का काही होत नाई."

"वजनदार हाय काका मशीन," भीमराज टेबलावरून डावा हात फिरवत म्हणाला. "आता असं बीडाचं लोखंड कोठी भेटते?"

मैनाबाई दारातून आत आली. सकाळपासून एकच प्रश्न तिच्या मनात होता.

"लाइन गेली आन् मंग आली, त हे आपोआप सुरू होते का?"

रामरावांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. "आता बटन चालू ठेवलं त होईनच ना, बाई. लाइन गेली का बटन बंद करा लागते. एवढं कोनालेबी समजते."

मैनाबाईनं मान खाली घातली. पाणी प्यायचं निमित्त करून ती बाहेर आली. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक एकामागं एक चालले होते आणि त्यांच्या धुरळ्यात ती तोंडाला पदर लावून नुसती उभी राहिली. एवढं कुणालाही समजतं. तिलाही समजत होतं.

परतीच्या एसटीत भीमराज खुशीत होता. "उद्या फोन करून हो म्हनतो. काका आपल्याले अडवनार नाई."

"नको," मैनाबाई म्हणाली.

"काहून?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. कपाशीची रानं मागे पळत होती, आणि तिला दिसत होतं ते दोन वर्षांपूर्वीचं दुकान.

मे महिन्यातली दुपार. तेव्हाही त्यांच्याकडे एक जुनी रंधा मशीन होती. काम ऐन रंगात आलं असताना लाइन गेली. मशीन थांबली तसा भीमराज खाली वाकला, आत अडकलेला भुसा काढायला. "मैना, बटन बंद कर व," तो खालूनच म्हणाला. "हो," ती म्हणाली. आणि तेवढ्यात फोन वाजला. सलोनीचा. यवतमाळला नर्सिंगला शिकणारी त्यांची एकुलती एक लेक. "आई, मी पास झाली! पयल्या वर्सात पास झाली!" आवाज तुटत होता म्हणून मैनाबाई फोन कानाला लावून बाहेर आली. समोरच्या शिंप्याच्या दुकानात छताचा पंखा थांबलेला होता. ती लेकीशी बोलत होती आणि त्या पंख्याकडे उगाच पाहत होती. मग पंख्याची पाती हळूच हलली. एक फेरा झाला, दुसरा झाला. आणि तेव्हा तिला आठवलं, की आपण 'हो' म्हणालो खरं, पण आपला हात बटनापर्यंत गेलाच नाही.

ती ओरडली होती. पण आवाज पोचायच्या आत सगळं होऊन गेलं होतं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर भीमराज डॉक्टरांना म्हणाला, "माहीच चूक झाली. बटन चालूच राह्यलं माह्याकडून." लाइन गेल्यापासूनचं त्याला काही धड आठवतच नव्हतं. पहिल्या दिवशी मैनाबाई बोलली नाही, कारण तिला रडणं आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेले लोक होते. पुढं त्यानं हीच गोष्ट इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली, की ती खरी होऊन बसली. मशीन भंगारात गेली. सलोनी पास झाल्याचे पेढे राहिले ते राहिलेच.

"भेव वाटून राह्यलं का तुले?" भीमराज विचारत होता. "त राहू दे ना. मी एकटा करतो. डाव्या हातानं जमवतो मी."

मैनाबाईनं त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो उरलेला एक हात, आणि ते चारकोनी फिरणारं लोखंड.

"एकटे नाई करा लागत," ती पटकन म्हणाली. "मीच करीन. पन मशीन मी पाहून घेईन. मले वाटनं तेच घेऊ."

भीमराज हसला. "तुले काय समजते त्यातलं?"

समजत फार नव्हतंच. पण एक गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक होती. माहेरी शेतात विहिरीवर मोटारपंप होता. लाइन गेली की पंप बंद पडायचा आणि लाइन आली तरी आपला आपण सुरू व्हायचा नाही. बाप कातावून उठायचा, चिखल तुडवत विहिरीपर्यंत जायचा आणि पेटीवरचं हिरवं बटन पुन्हा दाबायचा. लाइन देणाऱ्यांना शिव्या घालायचा. पुढं त्यानं पेटीला काहीतरी जोडून घेतलं आणि पंप आपोआप सुरू व्हायला लागला. घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! मैनाबाईला आता ती जुनी, कातावून टाकणारी पेटीच हवी होती.

आठवड्यानं दोघं यवतमाळला गेली. मशिनरीच्या दुकानाचा मालक अमर, तिशी-पस्तिशीचा, तोंडानं भलता गोड. त्यानं दुकानाच्या मागच्या बाजूला मांडलेल्या मशीन दाखवल्या. भीमराजच्या मापात बसणाऱ्या दोनच होत्या. दोन्हींचा आकार सारखा, दोन्हींवर वरून सरळ आणि खालून जाडी निघायची.

"आता पात्यांचा जुना चौकोनी ब्लॉक कोणी वापरत नाही, काका," अमर सांगत होता. "गोल ब्लॉक आहे. बोट आत जायला जागाच कमी. वरून हे झाकण. फळी जेवढी रुंद, तेवढंच उघडायचं. आणि खालून लाकूड उलटं येऊ नये म्हणून हे बघा, दाते लावलेले आहेत. मागे यायला लागलं की रुततात." पहिल्या मशीनवर हात ठेवून तो म्हणाला, "हीच घेऊन जा. सगळे हीच नेतात."

"चालू करून दाखोसान का?" मैनाबाईनं विचारलं.

अमरनं मशीन चालू केली. आवाज रामरावांच्या मशीनपेक्षा कमी होता. मैनाबाई या वेळी मागे सरली नाही. भिंतीवर मोठा बोर्ड होता, त्यावर मेन स्विच. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"हे मी खाली ओढू का?"

"कशाला काकू? मशीनचं बटन इकडे आहे."

"लाइन गेली असं समजा."

"असं कोणी करत नाही हो," अमर हसत म्हणाला. पण तिचं तोंड पाहून त्याचं हसू विरलं. "बरं, ओढा."

मैनाबाईनं स्विच खाली ओढला. दुकानातले दिवे गेले, पंखे मंदावले, मशीनचा आवाज उतरत उतरत थांबला. भीमराज सवयीनं मशीनवर वाकला होता, ब्लॉक पाहायला.

"मांगं सरा!" ती एवढ्या जोरात ओरडली की पुढच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं. "अहो, मांगं सरा म्हनते ना!"

भीमराज दचकून मागे झाला. मैनाबाईनं डोळे मिटून स्विच वर केला.

मशीन आपली आपण सुरू झाली. कुणी हात न लावता, घरघरत, चढत्या आवाजात.

अमरनं धावत जाऊन ती बंद केली. "साधं बटन बसवलंय हिला," तो ओशाळून म्हणाला. "म्हणजे, तसं चालतं. बंद करायचं लक्षात ठेवलं की झालं."

"नाई राहत लक्षात," मैनाबाई म्हणाली. "दुसरी दाखवा."

दुसऱ्या मशीनला लहानशी पेटी होती, हिरवं बटन आणि लाल बटन. तिनं पुन्हा स्विच ओढला, पुन्हा वर केला. दिवे आले, पंखे फिरू लागले. मशीन गप्प होती. मैनाबाई वाट पाहत राहिली. तिला अजून विश्वास वाटत नव्हता. तिनं तीन वेळा तसंच केलं आणि तिन्ही वेळा मशीन मुकाट बसून राहिली, कुणी येऊन हिरवं बटन दाबेपर्यंत.

अमर कागद आणायला पुढं गेला. भीमराज मशीनकडे पाहतच नव्हता. तो बायकोकडे पाहत होता.

"तुले हे सुचलं कसं?"

आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं. दुकानाच्या बाहेर पळून जावं, असं झालं. वणीच्या मशीनची वाटली नव्हती तेवढी भीती तिला त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या आपल्या माणसाची वाटली, ज्यानं चोवीस वर्षांत तिच्यावर कधी हात उगारला नव्हता.

"त्या दिवशी बटन मी बंद केलं नोतं," ती म्हणाली. "तुमी मले सांगतलं होतं. मी हो म्हनलं. आन् सलोनीचा फोन आला."

भीमराजच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं झालं. मग तो दुकानातून चालत बाहेर गेला.

मैनाबाई एका खोक्यावर बसून राहिली. अर्धा तास झाला, तास झाला. "काका कुठं गेले?" अमरनं दोनदा विचारलं. "येतीन," ती म्हणाली. भीमराजचा फोन तिच्या पिशवीत होता. तो एसटीत बसून निघून गेला असेल, की रस्त्याच्या कडेला कुठं उभा असेल? ज्यानं धड काही धरताही येत नाही असा तो हात, आणि बाहेरची ती वाहनं. ती उठायची, दारापर्यंत जायची, पुन्हा येऊन बसायची. घरी एकटीनं जायचं झालं तर सलोनीला काय सांगायचं, याची ती मनात वाक्यं जुळवू लागली, आणि एकही जुळेना.

भीमराज आला तेव्हा ऊन उतरलं होतं. डोळे लाल होते, पायांवर धूळ. तो सरळ अमरकडे गेला.

"हे दुसरी देजा. आन् खालचा अँगलचा स्टँड चार इंच कापून द्या."

"चार इंच? काका, तुमच्या उंचीला मग खूप खाली होईल. वाकावं लागेल."

"मी नाई चालवनार. हे चालवनार हाय." त्यानं मान मैनाबाईच्या दिशेनं हलवली, पण पाहिलं नाही. "टेबल हिच्या कमरेले आलं पाह्यजे. उंच झालं त जोर बसत नाई, हात घसरते."

अमरनं टेप आणला आणि जमिनीपासून मैनाबाईच्या कमरेपर्यंतचं माप घेतलं. ती पुतळ्यासारखी उभी होती.

पुढचे नऊ दिवस भीमराज कामापुरतं बोलला. मीठ दे, किल्ली कुठं आहे, वायरमन आला का. जेवताना मान वर नाही. मैनाबाईला वाटे, त्यानं चिडावं, भांडी आपटावीत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडावं. तो नुसता भिंतीशी बसून राही. एकदा ती बाहेरून आली, तेव्हा तो उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होता, एखाद्या अनोळखी वस्तूकडे बघावं तसा.

दहाव्या दिवशी मशीन आली. वायरमननं पेटी जोडली. तो गेल्यावर दुकानात दोघंच उरली. मैनाबाईनं लुगड्यावर भीमराजचा जुना सदरा घातला होता, केस घट्ट बांधले होते.

"आज नको," ती म्हणाली. "उद्या करू."

भीमराज तिच्याकडे वळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"लोकं इचारे त मी म्हनो, माही अक्कल गेलती," तो म्हणाला. "बाप वाढई, आजा वाढई, आन् मले बटन नाई समजलं. दोन वर्सं मी सोताले शिव्या देल्या, मैना. राती उठून देल्या. एक डाव त बोलती."

"भेव लागे."

"कायचं भेव? मी मारत होतो का तुले?"

"तुमी मंग माह्याकडं पाहसान नाई, याचं." तिचा आवाज फुटला. "आन् तसंच झालं ना."

भीमराजनं टेबलावरचा खडू उचलला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बोटं गेले त्याचा राग नाई," तो शेवटी म्हणाला. "तुले फोन आला, भूल पडली. मलेबी पडली असती. मले एकट्याले ठेवलं तू त्याच्यात, त्याचा राग हाय. जाईन तवा जाईन." मग खाली वाकून त्यानं डाव्या हातानं खडूनं जमिनीवर दोन पावलं आखली, एक पुढं, एक जरा मागं. "एथी उभी राह्य. मशीनच्या मधात नाई, बाजूले. पदर खोस नीट."

तिनं पदर खोसला. खडूच्या पावलांवर पावलं ठेवली. भीमराज पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिनं हिरवं बटन दाबलं.

आवाज चढला आणि तिच्या मांड्यांपर्यंत कंप आला. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं. सागवानाची पहिली फळी तिनं टेबलावर ठेवली, ढकलायची पाटी तिच्यावर टेकवली आणि श्वास रोखून पुढं लोटली. लाकूड झाकणाखाली शिरलं, आवाज जाडावला, ताज्या सागाचा उग्र वास नाकात गेला. पलीकडून भीमराजचा हात फळीच्या टोकाला लागलेला तिला जाणवला. तो ओढत नव्हता, नुसता आधार देत होता. फळी सरत सरत पार झाली. तिनं लाल बटन दाबलं आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत दोघंही हलली नाहीत.

भीमराजनं फळी उचलली, करंगळी आणि अंगठ्याच्या बेचक्यात तोलली, एक डोळा मिटून तिची कड दाराच्या उजेडाकडं धरली. मैनाबाईचे हात अजून थरथरत होते. ते दिसू नयेत म्हणून तिनं ते सदऱ्याखाली घेतले.

"वाकडी हाय," तो म्हणाला. "मधात दाबत नाई तू. भेव वाटलं का हात हलका होते तुहा."

त्यानं फळी फिरवून तिच्यापुढं टेबलावर ठेवली.

"पुन्हा घाल."

मैनाबाईनं सदऱ्याखालून हात बाहेर काढले, तळव्यांचा घाम पुसला आणि फळी आपल्याकडं ओढून घेतली.